साखळीवरचा चाकू, महिना चौथा: टोक एकदाचं आत गेलं

तर मंडळी, झालं एकदाचं. तीन महिने ज्या पात्याच्या टोकाने माझा जीव खाल्ला ते काल संध्याकाळी मुठीच्या आत बसलं आणि आता त्यावरून बोट फिरवलं तर काही लागत नाही. घरातल्यांना सांगितलं तर त्यांनी "बरं" म्हटलं. म्हणून इथे लिहितेय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या जुन्या बाजारात एका पत्र्याच्या डब्यात, कुलपं, नळाच्या चाव्या आणि तुटक्या चष्म्यांच्या खाली हा छोटा घडीचा चाकू सापडला. ३५० रुपये. मिटलेला असताना ५७ मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वादोन इंच, वजन १६ ग्रॅम. मुठीला दोन्ही बाजूंनी मदर ऑफ पर्ल, म्हणजे शिंपल्याचा चमकदार थर, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, आणि एका टोकाला छोटीशी कडी. ही कडी बघितल्यावरच मी घासाघीस थांबवली, कारण कडी म्हणजे हा खिशात सुटा टाकायचा चाकू नाही, घड्याळाच्या साखळीला लटकवायचा आहे.

प्रकार आहे लॉबस्टर. आपल्या नेहमीच्या घडीच्या चाकूत स्प्रिंग पाठीवर असते त्यामुळे पाती एकाच बाजूने निघतात, लॉबस्टरमध्ये स्प्रिंग मुठीच्या मध्ये दडवलेली असते आणि पाती दोन्ही कडांनी बाहेर येतात, म्हणून मूठ चपटी राहते आणि वेस्टकोटच्या खिशात फुगवटा दिसत नाही. माझ्यात एक मोठं पातं, एक पिटुकलं पातं आणि एक नखं घासायची कानस. जे लोक म्हणतात की हे खेळणं आहे त्यांनी एकदा हे उघडून बघावं. इतक्याशा जागेत तीन गोष्टी एकमेकींना न घासता बसवायच्या, हे काम शेफिल्डमध्ये, म्हणजे इंग्लंडातल्या चाकूंच्या गावात, बऱ्याचदा एकटा कारागीर आपल्या भाड्याच्या खोलीत करायचा. 'लिटल मेस्टर' म्हणतात त्यांना. स्टॅन शॉ त्यातलेच, १९४१ साली पोरवयात कामाला लागले आणि २०२१ साली गेले.

आता शिक्क्याची गंमत. पात्याच्या बुडाशी गंजाखाली तीन अक्षरं दिसत होती, ई, आर, एस. मी तर लगेच रॉजर्स गृहीत धरून बसले! जोसेफ रॉजर्स अँड सन्स म्हणजे शेफिल्डची नामांकित चाकू कंपनी, खूण तारा आणि माल्टीज क्रॉस, जी त्यांना १६८२ साली मिळाली. दोन रात्री त्याचीच स्वप्नं. मग बांबूच्या काडीने आणि तेलाने हळूहळू गंज काढत गेले, तेव्हा शब्द निघाला 'कटलर्स' आणि खाली 'शेफिल्ड'. म्हणजे नुसतं 'चाकूवाले, शेफिल्ड'. नावाची वरची ओळ कोणीतरी धार लावता लावता पार सपाट केलीय. असो. 'इंग्लंड' असा शब्द कुठेच नाही. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागायचं, त्यावरून काही जण लगेच "१८९१च्या आधीचा" म्हणून किंमत चढवतात, पण जो चाकू अमेरिकेला जाणारच नव्हता त्याला तो नियम कशाला? मी त्यावरून काहीच ठरवत नाही. पातं मात्र साध्या कार्बन स्टीलचं आहे, पेरू कापला की दहा मिनिटांत निळसर काळं पडतं. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस काढलं १९१३ साली, पण साध्या स्टीलचे चाकू त्यानंतरही निघतच राहिले, त्यामुळे यावरूनही छातीठोकपणे सांगता येत नाही.

चुका सांगायच्या तर दोन. पहिली आधीच्या चाकूवर केली होती, गंज सुटावा म्हणून अख्खा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला. मदर ऑफ पर्ल म्हणजे शिंपलाच की हो, कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की संपलं. सकाळी बघते तर खडूसारखी पांढरी भुकटी आणि चमक गायब. त्यामुळे या वेळी मुठीला फक्त कोमट पाणी, एक थेंब साबण आणि लगेच कोरडं. दुसरी चूक डिसेंबरातली. घरात हाताशी होतं म्हणून पाती ज्या खिळ्यांवर फिरतात तिथे खोबरेल तेल सोडलं, पाती मस्त फिरायला लागली, मी खूश. मग थंडी पडली. सकाळी चाकू उघडेचना, नख मोडलं, मला वाटलं स्प्रिंगच गेली, आणि शेवटी कळलं की बाटलीत थिजलंय तसंच आतही थिजलंय. उन्हात ठेवला तेव्हा सुटला. आता शिवणयंत्राचं तेल, सुईच्या टोकावर येईल तेवढंच.

आता मुद्द्यावर येते. मोठ्या पात्याला इतक्या वेळा धार लावलीय की ते अर्धं उरलंय, आणि त्यामुळे मिटल्यावर टोक मुठीच्या कडेच्या वर यायचं. किती वर, तर केसाएवढं, डोळ्याला दिसायचंसुद्धा नाही. फेब्रुवारीत मामेभावाच्या लग्नात मी आजोबांची साखळी आणि घड्याळ जाकिटाला लावून गेले, साखळीच्या दुसऱ्या टोकाला हा चाकू. (घड्याळाच्याच खिशात चाकू कधीच ठेवू नका, काचेची वाट लागते. दोन पदरांच्या अल्बर्ट साखळीत, म्हणजे जाकिटावर लावायच्या घड्याळाच्या साखळीत, एका खिशात घड्याळ आणि समोरच्या खिशात चाकू, काडेपेटीची डबी किंवा सिगार कटर, अशीच सोय असते.) जेवणाच्या पंगतीपर्यंत खिशाच्या अस्तराला बोटभर भोक आणि चाकू खाली जाकिटाच्या शिवणीत. जाकीट भाड्याचं होतं हे वेगळं सांगत नाही.

उपाय पुस्तकी आहे. पात्याच्या बुडाशी धारेच्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, त्याला किक म्हणतात. पातं मिटतं तेव्हा हा उंचवटा स्प्रिंगवर टेकतो आणि धार वरच राहते. किक थोडी घासली की पातं आत बसतं. थोडी जास्त घासली की धार स्प्रिंगवर आपटते आणि प्रत्येक वेळी मिटताना बोथट होते, आणि घासलेलं परत लावता येत नाही. म्हणून मी तीन महिने नुसती बघत बसले होते.

काल धीर केला. पातं अर्धं उघडून दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मूठ कापडात गुंडाळून हातातच धरली कारण पकडीत दाबली तर शिंपला तडकायची भीती, आणि सगळ्यात बारीक डायमंड कानस. दोन हात मारायचे, पुसायचं, मिटायचं, नख फिरवायचं. अजून लागतंय. परत दोन. पाचव्या फेरीला नख अडकायचं थांबलं आणि मी तिथेच कानस ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केला, कारण मला माझा हात माहितीये, "अजून एकदाच" करत करत वाटोळं करणारा. मग धार स्प्रिंगला लागत नाही ना ते बघायला सिगारेटच्या कागदाची पट्टी आत टाकून मिटला. पट्टी अख्खी निघाली. मिटतानाचा आवाजही बदललाय, आधी 'टिक' यायचा, आता जरा जाड 'टप' येतो.

टवका उडालेला कोपरा तसाच ठेवणार आहे. रेझिन भरा म्हणून मला दोघातिघांनी सांगितलं, पण ते पिवळं पडतं आणि मग जास्तच दिसतं. पात्यालाही बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लावणार नाही. जुन्या चाकूला आरशासारखं चकाकवणारे लोक माझ्या डोक्यात जातात.

साखळीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. इंग्लिश चांदीची अल्बर्ट असेल तर सहसा प्रत्येक कडीवर सिंहाचा बारकासा छाप असतो. मी भिंग लावून एकेक कडी बघितली, काहीच नाही, म्हणजे बहुतेक जर्मन सिल्व्हर, ज्यात नावाला सोडून चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त. आत्याला म्हटलं, "अगं आत्या, ही चांदीची नाहीये." ती म्हणे, "तुझ्या आजोबांनी मुंबईहून आणलीय, काहीतरी बोलू नकोस." विषय संपला. साखळी चांदीची आहे.

हो, आणि एक प्रयोग फसला. पेननाईफ हे नाव पिसाची लेखणी तासायच्या चाकूवरून आलं, तर म्हटलं आपण बोरू, म्हणजे वेताची लेखणी, तासून बघू. नाही जमत. बोरूची काडी कडक, हे पातं लवचिक, दुसऱ्याच कापाला वाकायला लागलं, बंद केलं. तसंही साखळीवरचे चाकू जोरात होते तोवर बर्मिंगहॅमच्या स्टीलच्या निबांनी पिसाची सुट्टी केलीच होती. याची खरी कामं म्हणजे पाकीट फोडणं, दोरा कापणं, पेन्सिलीला टोक काढणं. आणि पेरू.

आता उरलं काय, तर नखांची कानस अजून घट्ट आहे, उघडताना करकरते, आत जुन्या तेलाचा राप असणार. पावसाळ्याच्या आत ती सोडवायची आहे, नाहीतर दमट हवेत आतून गंज धरेल. रॉकेल टाकून रात्रभर ठेवावं असं डोक्यात आहे, पण शिंपल्याच्या खाली झिरपलं तर डाग पडेल का? कोणी करून बघितलं असेल तर सांगा, तोवर हात लावत नाही.