इप्स्विचची पेटी: अखेर खुंट्या बसल्या

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधील इप्स्विच गावी सतराव्या शतकात घडवल्या गेलेल्या कोरीव ओक-पेट्यांच्या धर्तीवर मी एक पेटी करते आहे. तिच्या पुढच्या चौकटीची खालची आडवी पट्टी बसवताना तिसरी खुंटी आतच मोडली, इथवर मागच्या वेळी लिहिले होते. त्यानंतरचे दोन आठवडे त्याच सांध्याने घेतले आणि काल रात्री तो मिटला.

ओढखुंटीच्या सांध्यात आडव्या पट्टीच्या टोकाची जीभ (कुसू) उभ्या पट्टीतल्या खाचेत बसते. कुसवातले भोक खाचेतल्या भोकापेक्षा खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होते त्या कडेकडे, किंचित सरकवलेले असते, त्यामुळे खुंटी ठोकताना ती जराशी वाकते, कुसू आत खेचते आणि सरसाशिवाय खांदा उभ्या पट्टीला घट्ट टेकतो. माझी सरक जवळपास ३ मिलिमीटर होती. ती १.५ वर आणली, तरी चौथी खुंटीही मोडली. तेव्हा तुकडे काढून दिव्याखाली धरले आणि कारण दिसले: लाकडाचे धागे खुंटीच्या लांबीने न जाता तिरके जाऊन मध्येच कडेला संपत होते आणि मोड नेमकी तिथे होती. दुकानातून आणलेले गोल दांडके खरोखर ओकचेच होते, पण ते यंत्रावर कातलेले होते, फाडलेले नव्हते. तयार दांडके ओढखुंटीसाठी घेऊ नयेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

इप्स्विचला अशा पेट्या घडवणारे सुतार विल्यम सर्ल आणि थॉमस डेनिस हे दोघेही मूळचे इंग्लंडमधल्या डेव्हनचे. सर्ल १६६७ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी डेनिसने त्याची विधवा ग्रेस हिच्याशी लग्न केले. दोघांचे कोरीवकाम इतके जवळचे आहे की कोणती पेटी कोणाची, हा वाद संपत नाही. मीही आजवर त्या कोरीवकामाकडेच पाहत आले, पण यांच्या कामाचा खरा पाया लाकूड ओले असताना धाग्याच्या दिशेने फाडण्यात आहे, आणि तो एका बोटभर खुंटीलाही लागू होतो, हे या दोन आठवड्यांत उमगले.

मग गेल्या वर्षीच्या सुकलेल्या ओकचा तुकडा पटाशीने उभा फाडला, प्रत्येक काडी तासून अष्टकोनी आणि टोकाकडे निमुळती केली. सुकी खुंटी आणि अजून ओलसर उभी पट्टी, हा मेळ मुद्दाम राखला आहे, कारण पट्टी आकसेल तशी ती खुंटीला आवळत जाते. पहिली खुंटी अर्ध्यावर गेली तेव्हा मोगरीचा बोदा आवाज बदलून खणखणीत झाला आणि खांद्यापाशी नखभर दिसणारी फट डोळ्यांदेखत मिटली. आता तिथे कागदही शिरत नाही. जुन्या पेट्यांवर खुंट्यांची डोकी वाकडीतिकडी, बहुकोनी का दिसतात, याचे उत्तर माझ्याच पेटीवर दिसते आहे.

मोठ्या फाडणीसाठी या वेळी जुन्या बाजारातला जाड पात्याचा फ्रो, म्हणजे लाकूड उभे फाडण्याचे अवजार, वापरला. नव्या, धारदार फ्रोपेक्षा तो कितीतरी चांगला चालला, कारण हे अवजार कापण्याचे नसून तरफेचे आहे.

रविवारी मागची चौकट जोडून पेटी बंद करायची होती, पण हे लिहिताना लक्षात आले की आतल्या लहान कप्प्याचा तळ आणि बाजू पुढच्या व मागच्या चौकटींतल्या खोबणींत बसतात, म्हणजे पेटी मिटल्यावर कप्पा आत जाणारच नाही. शिवाय त्याच्या झाकणाला बिजागरी नसते. फळीच्याच दोन टोकांना गोल खुंट राखून ते भोकांत फिरवतात. त्यामुळे रविवारी आधी खोबणी आणि ती दोन भोके, मग लोखंडी खुंट्यांवर तात्पुरती जोडणी, आणि पाइनचा तळ त्यानंतर.