चौथा दांडा: फट नेहमी पुढे-मागेच का पडायची

तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी संध्याकाळी ५०० ग्रॅमची बॉल पेन हातोडी (एका बाजूला सपाट तोंड, दुसऱ्या बाजूला गोल) पुसून ठेवताना दांड्यावरची पेन्सिलची रेघ नजरेत आली. बसवली तेव्हा ही रेघ डोक्याच्या खालच्या कडेला टेकवून ओढली होती. आता रेघ आणि लोखंड यांच्यामध्ये २ मिलिमीटर कोरं लाकूड दिसत होतं. पाच आठवड्यांतला हा तिसरा दांडा. हातोडीला लगेच लाल पट्टी गुंडाळली आणि ती हुकावरून काढून कपाटात ठेवली, कारण हुकावर राहिली तर कोणीतरी घाईत उचलणारच. सुटलेलं डोकं मारणाऱ्याच्या पायाशी पडत नाही. ते झोकाच्या दिशेने सरळ समोर जातं, आणि समोर बहुतेक वेळा छिन्नी धरून कोणीतरी बसलेलं असतं.

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की हा दांडा आता हलणार नाही. ते चुकलं. पण या वेळी नवा दांडा घाईने तासायला न घेता जुना उघडून बघितला, आणि त्यातून जे हाती लागलं त्यासाठीच ही नोंद.

आधीच्या दोघांचा हिशेब पटकन सांगतो. पहिला दांडा सैल झाल्यावर मी डोकं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं होतं. तेव्हाच तुमच्यापैकी काहींनी हे करू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि तुमचंच बरोबर होतं. लाकूड पाण्याने फुगायला बघतं, पण भोवती पोलाद असतं, ते जागा देत नाही. मग लाकडाच्या पेशी आतल्या आत चिरडतात. वाळल्यावर ते लाकूड मूळ मापाला परत येत नाही, त्याहून बारीक होतं. सकाळी हातोडी घट्ट आणि आठवड्याने आधीपेक्षा सैल, हे मी स्वतः अनुभवलं. दुसरा दांडा तयार आणला होता. चकचकीत रोगण, दिसायला सुरेख, पण लाकडाच्या रेषा तिरप्या जाऊन मधेच बाजूने बाहेर पडलेल्या. असा दांडा सैल होण्याआधी त्या रेषेवर फाटतो. हा फाटला नाही, पण मी त्याची वाटही बघितली नाही. तयार दांडे घेणाऱ्यांना एकच सांगेन: गठ्ठ्यातला वरचा उचलू नका, दहा बघा, टोकाची वलयं (झाडाच्या वाढीच्या कड्या) बघा, कडेने रेषा शेवटपर्यंत जातात का ते बघा. आणि रोगण खरवडून काढा. घामेजलेल्या हातात रोगणाचा दांडा सरकतो आणि तो सरकू नये म्हणून आपण मूठ जास्त आवळतो. तेल दिलेला दांडा हलक्या हातातही नीट राहतो.

तिसरा मात्र मी स्वतः बाभळीच्या फळीतून काढला होता. रेषा सरळ, वलयं डोक्याच्या लांबीला समांतर, लाकडी पाचर, तिच्यावर काहीही कंजुषी नाही. तो का सुटावा?

दांडा डोक्याखाली कापला, डोकं व्हाइसमध्ये धरलं आणि उरलेला तुकडा पंचाने (ठोकायच्या बोथट लोखंडी दांडीने) खालच्या बाजूने वर ठोकून काढला. (डोकं विस्तवात टाकून लाकूड जाळून काढायची पद्धत अजून सांगितली जाते. कृपा करून करू नका. पोलादाचं पाणी उतरतं आणि हातोडीचं तोंड कायमचं मऊ होतं.) तुकडा निघाला, आणि तो हातात फिरवून बघताना गोष्ट दिसली. दोन्ही गालांच्या, म्हणजे डोक्याच्या डाव्या-उजव्या, बाजूला लाकूड चकाकत होतं, म्हणजे तिथे ते पोलादाला घट्ट दाबलेलं होतं. पुढची आणि मागची बाजू मात्र मळकट आणि खडबडीत होती, तिथे लोखंडाची बारीक पूड बसली होती. फट पुढे-मागे होती. मग आधीच्या दोन दांड्यांचे तुकडे भंगाराच्या डब्यातून शोधून काढले. तिथेही तेच!

हे कळल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. लाकडी पाचर नेढ्याच्या (डोक्यातल्या दांड्याच्या भोकाच्या) लांब बाजूने बसते, म्हणून ती लाकूड डाव्या-उजव्या गालांकडे पसरवते. पुढे-मागे ती काहीच करत नाही. आणि वलयं डोक्याच्या लांबीला समांतर ठेवली की लाकूड सर्वांत जास्त आकसतं ते नेमकं पुढे-मागेच. वलयांच्या दिशेने लाकूड साधारण दुप्पट आकसतं, वलयांना काटकोनात त्याच्या निम्मं, आणि लांबीत जवळपास नाहीच. म्हणजे जिथे आकसणं सर्वांत जास्त, तिथेच पाचरीचा दाब शून्य. वलयांची दिशा बदलून चालणार नाही, कारण ठोक्याचा मार सोसायला तीच योग्य आहे. तेव्हा दोन कामं करायची होती: लाकूड आधीच पूर्ण आकसवून घ्यायचं आणि पुढे-मागे दाब देणारं काहीतरी आणायचं.

त्याच फळीतला दुसरा तुकडा कोपऱ्यात पडला होता, ३८० मिलिमीटर लांब, ४० बाय ३० चा. विकणाऱ्याने ‘वाळलेलं आहे’ म्हणून दिलेलं लाकूड. तराजूवर ३९२ ग्रॅम. दोन्ही टोकांना मेण लावलं, म्हणजे टोकं आधी वाळून तडकणार नाहीत, आणि बल्ब लावलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला. पेटी मी जागेवर असेन तेवढाच वेळ चालू. रोज संध्याकाळी वजन. पहिल्या आठवड्यात आकडा भराभर उतरला, मग रखडला, आणि सोळाव्या दिवशी ३५० वर थांबला. नंतर दोन दिवस खोलीतल्या हवेत उघडा ठेवला, तिथे तो ३५२ वर स्थिरावला. ‘वाळलेल्या’ लाकडातून ४० ग्रॅम पाणी गेलं होतं! कॅलिपरने माप घेतलं: वलयांच्या दिशेने ४० चे ३८.९, आडवे ३० चे २९.६, लांबी होती तेवढीच.

हे प्रमाण नेढ्याला लावून बघा. माझ्या हातोडीचं नेढं २३ बाय १६ मिलिमीटर आहे. म्हणजे तिसरा दांडा बसवल्यानंतर गालांकडे ०.२ मिलिमीटर आकसला असणार, तेवढं पाचरीने सांभाळलं. पुढे-मागे ०.६ आकसला, ते सांभाळायला कोणीच नव्हतं. मी महिनाभर पाचरीच्या लाकडाला दोष देत होतो.

आणखी एक छोटी गोष्ट नेढ्यातच सापडली. खालच्या कडेवर बोटाला टोचेल इतकी तीक्ष्ण बर (लोखंडाची उभी राहिलेली धार) होती. दांडा ठोकताना ती लाकडाची साल काढत आत जाई, आणि मी त्या निघालेल्या वेढ्याकडे बघून बसणी घट्ट झाली असं समजायचो. खरं तर ती कड दांडा मापापेक्षा बारीक करत होती. अर्धगोल कानशीने कड अर्धा मिलिमीटर गोल केली. पाच मिनिटांचं काम.

चौथा दांडा त्या वाळवलेल्या तुकड्यातूनच काढला. आधी रंधा, मग स्पोकशेव्ह (गोलाई तासायचा छोटा रंधा), नेढ्याजवळ मरफा (लाकडाची खरखरीत कानस) आणि शेवटी स्क्रेपर. नेढ्यात जाणारा भाग बसवताना नेढ्याच्या आत मऊ पेन्सिल घासून घेतली. दांडा घालायचा, काढायचा, जिथे काळं लागलं तिथेच खरवडायचं. बावीस वेळा घातला आणि काढला. शेवटी काळा डाग चारही बाजूंनी सारखा आला, तो क्षण मी बराच वेळ बघत बसलो होतो. डोक्याखाली दांड्याला पायरी ठेवली नाही, सलग वळण दिलं. पायरी असली की सगळा ताण त्या कोपऱ्यात साठतो आणि दांडा तिथेच मोडतो.

बसवण्याची पद्धत तुम्हाला माहीत आहे, तरी नव्यांसाठी: डोकं जमिनीवर ठेवून दांडा आत ठोकायचा नाही. दांडा हातात उभा लोंबता धरायचा, डोकं खाली, आणि वरच्या टोकावर लाकडी मोगरीने मारायचं. डोक्याचं वजन जागच्या जागी राहू बघतं आणि दांडा त्यात उतरत जातो. पाहताना उलटं वाटतं, पण दर ठोक्याला पुढे गेलेलं दिसतं. वरून ३ मिलिमीटर लाकूड बाहेर ठेवलं, म्हणजे पाचर बसल्यावर ते टोक फुलून डोक्याला वरून अडवतं.

नेढं २७ मिलिमीटर खोल आहे, पाचरीसाठी दांड्याच्या टोकात पाडलेली चीर १८ ठेवली, साधारण दोन तृतीयांश. लाकडी पाचर आधी, आणि मग तिला तिरपी छेदून एक लोखंडी. हीच ती पुढे-मागे दाब देणारी. मूळ बेत वेगळा होता: फटीत इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) भरायचं, तेही आणून ठेवलं होतं. पण इपॉक्सी लाकडाबरोबर आकसत नाही, आणि पुढचा दांडा काढताना ते नेढ्यातून खरवडणं म्हणजे शिक्षा. डबा तसाच बंद आहे. लोखंडी पाचरींत मला खाचा पाडलेली चपटी जास्त आवडते. गोल कडीवाली पाचर बारीक नेढ्यात लाकूड फोडते, दोनदा बघितलंय. पाचर शेवटी सपाटीला आली की थेट हातोडी मारू नका. तोंड पाचरीवरून घसरून डोक्याच्या पोलादावर बसलं तर कठीण पोलादावर कठीण पोलाद आपटतं आणि कपची उडते. मी मधे पंच धरला, डोळ्यांवर चष्मा होताच.

वरच्या टोकाला कच्चं जवसाचं तेल, पिईल तितकं. तेल पाण्यासारखं उडून जात नाही, आतच घट्ट होतं. तेलाची फडकी मात्र चुरगाळून डब्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल हवेशी मिळून सुकताना गरम होतं आणि बोळ्यात ती उष्णता साठून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. माझी फडकी तारेवर एकेक पसरलेली असतात, कडक होईपर्यंत.

पाच दिवस झाले. छिन्नीवर, पंचावर, रिव्हेटवर मिळून हजारच्या वर ठोके बसले असतील. रेघ डोक्याला चिकटून आहे. दांडा कानाशी धरून डोक्यावर नख वाजवलं की बद्द आवाज येत नाही, स्वच्छ टणत्कार येतो.

मधल्या दिवसांत लाकूड वाळायची वाट बघताना छिन्न्यांचा डबा हातावेगळा केला. अकरापैकी सात छिन्न्यांची डोकी छत्रीसारखी पसरली होती. डोकं मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, हातोडीच्या माराने ते फुटू नये म्हणून, त्यामुळे पसरणं हा दोष नव्हे. पण पसरलेल्या कडेचा तुकडा उडाला तर गोळीसारखा जातो. सगळ्यांच्या कडा ग्राइंडरवर घासून उतार दिला. दोन इतक्या आखूड झाल्या की हात आणि मार यांच्यात अंतरच उरत नाही, त्या काढून टाकल्या. कानशींनाही मुठी बसवल्या, सगळ्या नऊ. उघड्या शेपटीची कानस अडकली की शेपटी तळव्यात घुसते, आणि तरी मूठ नसलेल्या कानशी जिकडेतिकडे दिसतात. याचा मला खरंच राग येतो.

पुढचं काम १ किलोच्या हातोड्याचं ठरवलं होतं, त्याच पद्धतीने. पण हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली: मी दांडा सोळा दिवस वाळवला, वजन केलं, मापं घेतली, आणि लाकडी पाचर? ती दाराजवळच्या ढिगातून उचललेली, न वाळवलेली. पाचर आकसली तर गालांकडचा दाबही जाईल. आत्ता लोखंडी पाचर तिला धरून आहे म्हणून दिसत नाही, एवढंच. तेव्हा क्रम बदलतो. आधी पाचरींचा एक अख्खा साठा कापून पेटीत टाकतो, दहा-बारा, आणि वाळल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बरणीत घट्ट बंद. चौथ्या दांड्याची पाचर मात्र आता काढत नाही. तिची रेघ दर शनिवारी बघणार, मिलिमीटरच्या निम्म्याने जरी सरकली तरी हातोडी पुन्हा लाल पट्टीत.

१ किलोच्या हातोड्याचा तुकडा पेटीत जाऊन चार दिवस झाले. परवा ६४१, काल ६३३, आज ६२८. पाचरी उद्या त्याच्याशेजारी जातील.