कोटेशन स्पॅममध्ये का जात होतं

“अहो, कोटेशन पाठवणार होतात ना? आम्ही काल दुसरीकडे ऑर्डर दिली.” चाकणच्या गिऱ्हाइकाचा हा फोन काकांनी घेतला आणि काही न बोलता ते खुर्चीत बसून राहिले. कोटेशन मी सोमवारीच पाठवलं होतं. त्यांच्या स्पॅममध्ये पडून होतं.

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून विचारलं, तर सहापैकी चौघांकडे हीच गत.

आधी मी मजकुराच्या मागे लागलो. विषयातलं ‘बेस्ट रेट’ काढलं, सहीखालचा लोगो काढला, पीडीएफ लहान केली. दोन दिवस त्यात गेले, फरक काही पडला नाही.

मग स्वतःच्याच जीमेलवर एक कोटेशन पाठवलं आणि तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ उघडलं. वर पाठवणाऱ्याच्या तपासण्यांचा छोटा तक्ता असतो. त्यात एसपीएफपुढे ‘पर्मएरर’, म्हणजे नोंदच चुकीची, आणि डीकेआयएमची तर ओळच नाही.

एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या (मेल पत्त्यातल्या ‘@’ नंतरच्या) नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, याची डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, लावलेली यादी. मागच्या वर्षी आम्ही मेलची सेवा बदलली तेव्हा नवी नोंद टाकली, जुनी तशीच राहिली. अशी नोंद एकच चालते. दोन दिसल्या की तपासणारा सर्व्हर एकही धरत नाही. दोन्हींची मिळून एक ओळ केली. तिच्यात १० लुकअपची, म्हणजे तपासताना डीएनएसला विचारायच्या चौकशांची, मर्यादा असते, आमचे ४ भरले.

डीकेआयएमनं मात्र घाम काढला. ही प्रत्येक मेलवरची डिजिटल सही, आणि ती पडताळायची किल्ली डीएनएसमध्ये ठेवायची. तीनदा चिकटवली, तरी ‘रेकॉर्ड सापडत नाही’. रात्री साडेदहाला लक्षात आलं: नावाच्या रकान्यात मी पूर्ण पत्ता भरत होतो आणि डीएनएसच्या नोंदी भरायचं पॅनल त्यामागे स्वतःहून पुन्हा डोमेन जोडत होतं. मागचा भाग खोडला. अर्ध्या तासानं पाठवलेल्या मेलच्या तक्त्यात दोन्हीकडे ‘पास’ आलं, तेव्हाच काकांना फोन लावला.

शेवटी डीमार्कची नोंद टाकली. आपल्या नावानं आलेला मेल या तपासण्यांत नापास झाला तर काय करायचं, हे ती समोरच्या सर्व्हरला सांगते आणि त्याचे अहवाल आपल्याला मागवते. आमची सध्या ‘अडवू नका, फक्त कळवा’ या पायरीवर. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जीमेलनं या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्यात. आमचे मेल दिवसाला वीस-पंचवीस. पण एसपीएफ किंवा डीकेआयएम, एक तरी आमच्यासारख्यांनाही लागतंच. माझं मत विचाराल तर तिन्ही करा, कारण डीमार्कच्या अहवालांतूनच मला कळलं की आमचं बिलिंग सॉफ्टवेअर आमच्या नावानं, पण स्वतःच्या सर्व्हरवरून बिलं पाठवतं. तो सर्व्हर यादीत नव्हताच. म्हणजे इतके दिवस बिलंही अशीच कुठेतरी अडकत असणार! तोही यादीत घातला.

चाकणच्या गिऱ्हाइकानं गेल्या आठवड्यात पुन्हा चौकशी पाठवली. कोटेशन गेलं आणि दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘मिळालं. ड्रॉइंगमध्ये एक बदल आहे, फोन करतो.’