चामडी मुठीची सुरी: आमची वाटचाल

गोव्यात डिचोलीतलं आमचं वर्कशॉप मूळचं ट्रकच्या पाट्यांचं, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचं. खाणी चालू होत्या तेव्हा खनिज वाहणाऱ्या ट्रकांचे मोडके पाटे बदलण्यातच दिवस सरायचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक दारोदार उभे राहिले आणि आमच्याकडे उरला जुन्या पाट्यांचा ढीग. आम्ही चारी, म्हणजे पिढीजात लोहार. बाबांनी उमेदीच्या काळात कोयते आणि आदोळ्या (विळ्या) घडवलेल्या. त्यांनीच भट्टी पुन्हा पेटवली, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोयते विकून आम्ही ती वर्षं काढली.

सुरीच्या कामाकडे आम्हाला वळवलं ते एका निवृत्त तारवट्याने, म्हणजे बोटीवरच्या खलाशाने. त्याच्याकडे एक जुनी अमेरिकी सुरी होती. पातं ठणठणीत, मूठ मात्र खिळखिळी. चामड्याच्या गोल चकत्या एकामागून एक ओवून केलेली ती मूठ मी उघडली आणि तिच्या रचनेच्या प्रेमातच पडलो. पात्यामागे मुठीत शिरणारी निमुळती शेपटी, पुढे बोटं पात्यावर घसरू न देणारं पितळी गार्ड, मागे जड टोपी, आणि या दोघांच्या दाबाने घट्ट बसलेल्या चकत्या. बस्स, एवढंच. वर एकही खिळा दिसत नाही.

पुढे वाचत गेलो तसं कळलं, की शिकाऱ्यांच्या सुऱ्यांवर ही मूठ लोकप्रिय केली ती मिशिगनमधल्या ग्लॅडस्टोन गावच्या वेबस्टर मार्बल यांच्या कारखान्याने. १९४२ मध्ये अमेरिकी मरीन दलाने सात इंची पात्याची सुरी स्वीकारली. का-बार नावाने जगभर गाजली ती हीच, आणि तिचीही मूठ चकत्यांची. पॅसिफिकमधल्या दमट बेटांवर ती सैनिकांच्या कमरेला होती. एस्टविंग या अमेरिकी कंपनीच्या काही हातोड्यांनाही अशीच मूठ असते, कारण चामडं हाताला बसणारा हादरा पिऊन टाकतं.

पण माणसं या मुठीवर जीव टाकतात ते इतिहासामुळे नाही. ती हातात धरून बघायला हवी. प्लास्टिक घामाने निसटतं, धातू उन्हात चटके देतो. चामडं मात्र ओल्या तळव्यालाही धरून राहतं, आणि रोज वापरणाऱ्याच्या हातातलं तेल पिऊन दोन-तीन वर्षांत काळपट तांबूस होतं. तो रंग कुठल्याही पॉलिशने येत नाही. घडीच्या चाकूत सांधा ढिला होतो, त्यात वाळू अडकते. अखंड पात्याच्या सुरीला ती कटकटच नाही. पूर्ण रुंदीची शेपटी नसल्याने ही सुरी कमजोर, असं काहीजण ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. शेपटी पात्याला मिळते तो कोपरा काटकोनी ठेवला तर तिथे तडा जाणारच. तो गोलसर घासला आणि तेवढा भाग नीट नरम केला, की रानातल्या कामाला ती पुरून उरते.

पाट्याचं पोलाद चिवट, कोयत्याला उत्तम. सुरीची धार जास्त टिकावी म्हणून आम्ही बेअरिंगचं ईएन ३१ जातीचं पोलाद वापरतो. त्यात कार्बन सुमारे एक टक्का असतो. तापलेलं पातं तेलात बुडवून कडक करतो, मग दोनशे अंशांच्या आसपास तापवून ठिसूळपणा काढतो. चामड्याचं सगळं काम माझी पत्नी पाहते आणि त्यात तिचाच शब्द अखेरचा. चामडं कोल्हापूरचं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. क्रोमचं चामडं मऊ पडतं, दाबलं की आकार धरत नाही. एका मुठीला साधारण चाळीस चकत्या लागतात. प्रत्येकीची खाच शेपटीपेक्षा किंचित अरुंद ठेवायची, म्हणजे चकती ठोकूनच बसवावी लागते. मग नट आवळायचा, काही दिवस सुकू द्यायचं, पुन्हा आवळायचा. त्यानंतर घासकाम, चपड्याचे (लाखेचे) पातळ हात आणि शेवटी मेण.

गोव्यात चामडं म्हणजे बुरशी, असं पहिल्यांदा प्रत्येक जण म्हणतो. पावसाळ्यात कपाटातले बूट पांढरे होतात, हे खरंच आहे. बुरशीला ओल लागते; चकत्या दाबून बसवल्या आणि वरून लाख नीट दिली, की ती आत शिरत नाही. पण बसवतानाच चामडं ओलसर असेल तर ओल आतच अडकते, म्हणून जून ते ऑक्टोबर आम्ही मुठी चढवतच नाही, फक्त पाती घडवतो. मागची टोपी ठोकून कायमची बंद न करता नट ठेवला आहे तोही याच कारणाने: कोरड्या दिवसांत चामडं आकसलं तर परत आवळता येतं.

गिऱ्हाईक आमचं फोंडा-सत्तरीचे कुळागरवाले (सुपारीच्या बागायतीचे मालक), गळाने मासे धरणारे आणि सह्याद्रीत भटकणारी पोरं. शस्त्रास्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांवर बंधन आहे, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे. आमचं सर्वांत मोठं पातं पाच इंचांचं. कुणी दिखाऊ खंजीर मागितला तर सरळ नाही म्हणतो. स्वयंपाकघरासाठीही ही मूठ देत नाही. इसवण (सुरमई) कापलेली सुरी रोज साबणाने धुवावी लागते, तिला लाकडी मूठच बरी.

एक विनंती प्रत्येकाला करतो. पावसाळ्यात सुरी म्यानात ठेवू नका. म्यानाचं चामडं ओल धरतं आणि पात्यावर गंज चढतो. पुसून, खोबरेल लावून उघडीच ठेवा. चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर घेऊन या, नट आवळून आणि मेणाचा हात फिरवून देतो, त्याचे पैसे घेत नाही.