तुम्ही विचारलंत म्हणून : टर्नटेबलला मोटर कशासाठी?

घरी येऊन माझा मॉडेल रेल्वेचा लेआउट पाहणारे बहुतेक जण दोन प्रश्न विचारतात. टर्नटेबल, म्हणजे इंजिनाची दिशा उलटवणारा फिरता पूल, इंजिनासकट एका बोटाने सहज फिरत असताना त्याला मोटर कशाला जोडायची, हा पहिला. आणि परदेशी कंपन्यांचे लोको शेडचे, म्हणजे टर्नटेबलभोवतीच्या इंजिने ठेवण्याच्या इमारतीचे, तयार संच विकत मिळत असताना भिंती, कौले आणि पत्रे स्वतः कशाला करायचे, हा दुसरा. मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. शेडची प्रत्येक भिंत टर्नटेबलच्या मधल्या खुंटीपासून मोजली जाते, आणि टर्नटेबल ज्या रीतीने चालते त्यावर शेडचे छप्परसुद्धा ठरते.

माझा लेआउट म्हणजे पुण्याच्या पूर्वेला, सोलापूरच्या वाटेवर कल्पिलेले एक लहान जंक्शन आहे आणि काळ १९६० च्या दशकातला आहे. कल्याण ते पुणे हा मार्ग १९३० पर्यंत विजेवर आला होता, परंतु पुण्याच्या पुढे वाफेच्या इंजिनांचेच राज्य होते. डब्ल्यूपी हे वाफेचे इंजिन टेंडर (कोळसा-पाण्याचा जोडडबा) पुढे ठेवून चालवले की चालकाला समोरचे नीट दिसत नाही आणि कोळशाची भुकटी डोळ्यांत जाते, म्हणून परतीच्या प्रवासाआधी ते फिरवावे लागे. जिथे इंजिन वळवण्यासाठी त्रिकोणी मार्ग घालण्याइतकी जागा नसे तिथे टर्नटेबल असे. इंजिनाचा तोल मधल्या खुंटीवर नेमका साधला गेला की काही खलाशी (शेडमधले मजूर) कडेचे दांडे ढकलून शंभर टनांहून अधिक वजन फिरवत. टेंडरमधला कोळसा आणि पाणी कमी-जास्त झाले की तोलही सरके, आणि मग चालक इंजिन थोडे पुढे-मागे घेई. त्या कामात घाई शक्यच नव्हती. बोटाने फिरवलेले टर्नटेबल दोन सेकंदांत फिरते, आणि इतक्या झटक्यात वळलेले इंजिन पोकळ प्लास्टिकचे वाटते. वजन दिसायला हवे असेल तर गती संथ आणि एकसारखी हवी, सुरुवात व शेवट त्याहूनही संथ हवा, आणि ते हाताला साधत नाही. माझ्याकडे अर्धी फेरी पूर्ण व्हायला दीड मिनिट लागते. पाहुण्यांना ते फार वाटते. मला ते योग्य वाटते.

मोटरचे दुसरे कारण अचूकतेचे आहे. ७५ फुटी टर्नटेबल १:८७ या प्रमाणात २६३ मिलिमीटरचे होते, म्हणजे त्याचा परीघ सुमारे ८२६ मिलिमीटर येतो. पुलावरचा रूळ आणि बाहेरचा रूळ यांत पाव मिलिमीटरचा जरी फरक राहिला तरी चाक अडखळते. अनेक जण एसीच्या झडपा हलवणारी पाच व्होल्टची छोटी स्टेपर (ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी) मोटर सुचवतात, कारण ती स्वस्त आहे आणि तिच्यात गिअर आधीच बसवलेले असतात. तिच्या माहितीपत्रकात गिअरचे प्रमाण ६४ ला १ असे लिहिलेले असते, प्रत्यक्षात ते सुमारे ६३.६८ ला १ असते. हा अर्ध्या टक्क्याचा फरक या परिघावर एका फेरीमागे चार मिलिमीटरचा होतो. आकडेमोड सुधारून तो घालवता येतो. प्लास्टिकच्या दातांमधली ढिलाई मात्र उरतेच.

म्हणून मी थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात ती नेमा १७ मापाची स्टेपर मोटर घेतली. तिच्या एका फेरीत २०० पायऱ्या असतात, आणि ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारे सर्किट) प्रत्येक पायरीचे सोळा भाग करतो. मोटरवर २० दातांची आणि टर्नटेबलच्या दांड्यावर ८० दातांची पुली बसवून मध्ये दातेरी पट्टा घातला की पुलाच्या एका फेरीला १२,८०० सूक्ष्म पायऱ्या मिळतात, आणि रुळाच्या टोकाशी एक पायरी ०.०६५ मिलिमीटरची होते. खाली मोटरला आज्ञा देणारा अर्डुइनो हा छोटा नियंत्रक आहे. वीज सुरू केली की पूल हळूहळू फिरत लोहचुंबक आणि त्याची चाहूल घेणारा हॉल सेन्सर यांची भेट होईपर्यंत जातो आणि तिथून शून्य मोजतो. प्रत्येक मार्गाचा आकडा मी गणिताने काढलेला नाही. भिंगातून पाहत रूळ जुळवला आणि तो आकडा नोंदला. पूल नेहमी एकाच दिशेने येऊन थांबतो, त्यामुळे पट्ट्यात उरलेला किंचित सैलपणा मोजमापात शिरत नाही. थांबल्यावर मोटरचा प्रवाह कमी करावा, पूर्ण बंद करू नये. बंद केल्यास ती जवळच्या पूर्ण पायरीवर उडी घेते आणि रूळ अर्ध्या मिलिमीटरपर्यंत हलू शकतो. ड्रायव्हर आवाज न करणारा निवडावा, कारण प्लायवूडचा पोकळ तक्ता मोटरची बारीक थरथर ढोलकीसारखी मोठी करतो.

विजेचा एक पेच मात्र टाळता येत नाही. पूल अर्धा फिरला की त्याचा डावा रूळ बाहेरच्या उजव्या रुळाला भिडतो आणि शॉर्टसर्किट होते. माझ्याकडे पूल फिरत असताना त्याच्या रुळांतली वीज तोडलेली असते आणि अर्धे वर्तुळ ओलांडल्यावर रिले (विजेवर चालणारी कळ) ध्रुव उलटवतो. तारांना पीळ पडू नये म्हणून खुंटीखाली स्लिप रिंग (फिरतानाही वीज पोहोचवणारी कडी) आहे.

आता इमारतींकडे येतो, आणि खरे सांगायचे तर माझा जीव तिथेच अधिक रमतो. शेडकडे जाणाऱ्या दोन मार्गांत १५ अंशांचा कोन ठेवला तर टर्नटेबलच्या खड्ड्याच्या काठावर त्यांच्यात साधारण ३४ मिलिमीटर अंतर राहते आणि रुळांखालचे स्लीपर न कापता बसतात. १० अंशांचा कोन घेतला तर तेच अंतर २३ मिलिमीटर होते आणि स्लीपर एकमेकांवर चढतात. शेडच्या तोंडाशी शेजारच्या दोन गाळ्यांच्या मध्यांत मला ६० मिलिमीटर हवे होते, म्हणजे खांबाची जाडी आणि इंजिनाची रुंदी दोन्ही सामावतात. १५ अंशांना शेडचे तोंड खुंटीपासून २३० मिलिमीटरवर येते, तर १० अंशांना ते ३४४ मिलिमीटरवर जाते. तयार संचाचा कोन कारखान्यात ठरलेला असतो, आणि आपल्या खोलीचे माप त्याला ठाऊक नसते. शिवाय त्या संचांची उतरती छपरे बर्फासाठी असतात आणि लाकडी दारे थंडीसाठी. माझ्या पाहण्यातल्या जुन्या शेडच्या तोंडाला दारेच नव्हती.

भिंती काळ्या दगडाच्या आहेत. फोमच्या पट्टीवर बोथट बॉलपेनने सांधे कोरून त्या केल्या आहेत आणि रंग काळा न देता राखाडीत तपकिरी मिसळून दिला आहे, कारण इतक्या लहान आकारात शुद्ध काळा रंग सगळा पोत गिळून टाकतो. चुन्याचे सांधेही पांढरे न ठेवता मळवावे लागतात. नालीदार पत्र्याच्या दोन उंचवट्यांमधले अंतर तीन इंच धरले तर आपल्या प्रमाणात ते ०.८८ मिलिमीटर येते, आणि एम ५ मापाच्या आटेदार सळईचे आटे ०.८ मिलिमीटरवर असतात. रबराच्या तुकड्यावर ॲल्युमिनियमची फॉइल ठेवून ती सळई आट्यांच्या रेषेत दाबत नेली की पत्रा तयार होतो. मंगळुरी कौल जेमतेम पावणेपाच मिलिमीटर लांब येते. तिथे मी एकेक कौल न कापता जाड कागदाच्या दातेरी पट्ट्या एकावर एक चढवतो, आणि मधूनच एखादे कौल नव्या रंगाचे ठेवतो, कारण फुटलेले कौल बदलले जातेच.

छपरातली धुराडी कुठे असावीत, हे ठरवणारे टर्नटेबलच आहे. इंजिन धुराडे पुढे ठेवून शेडमध्ये शिरत असेल तर काजळी आतल्या टोकाला जमते. मागे हटत शिरत असेल तर तोंडाशी. माझ्याकडे इंजिने आधी फिरवून मागे हटत आत जातात, म्हणजे सकाळी सरळ बाहेर पडता येते. त्यामुळे काजळीचे डाग, धूर जाण्याच्या झडपा आणि गंजलेला पत्रा हे सारे तोंडाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात आहे. राखेचा खड्डा आणि पाण्याचा खांब टर्नटेबलच्या अलीकडे आहेत, कारण इंजिन शेडमध्ये जाण्याआधी ती कामे उरकली जात.

म्हणून कोणी सुरुवात करणार असेल तर मी एवढेच सुचवीन, की खुंटी आधी पक्की करा, पूल मोटरवर फिरता करा, मार्ग बसवा, आणि पुठ्ठ्याचे खांब नुसते उभे करून सर्वांत लांब इंजिन प्रत्येक गाळ्यात आत-बाहेर करून पाहा. ते कुठेही न घासता फिरले की मग दगडी भिंतींना गोंद लावा.