कमी चाललेली गाडी

मीटरवर ९,००० किलोमीटर होते. ११ वर्षं जुनी बाईक आणि फक्त ९,०००, खरं सांगायचं तर तो आकडा बघितला तेव्हाच मी मनातून गाडी घेऊन टाकली होती, बाकी तपासणं सगळं त्याच्यानंतर झालं.

मला क्लासिक स्टाईलचीच बाईक हवी होती. गोल हेडलाईट, स्पोकची चाकं, क्रोमचा सायलेन्सर, आणि स्लोला, म्हणजे रेस न देता, उभी असताना एकेक ठोका वेगळा ऐकू येईल असं इंजिन. आधी डोक्यात खरोखरची जुनी म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली गाडी होती पण प्लगला ठिणगी देणारे पॉईंट सेट करत बसणं, ६ व्होल्टची मिणमिणती लाईट, दोन्हीकडे ड्रम ब्रेक, हे रोज वापरायच्या गाडीत जमणार नव्हतं. मग जुन्या रूपाच्या पण नव्या बनावटीच्या गाड्यांबद्दल वाचत सुटलो. ट्रायम्फची बॉनव्हिल पहिल्यांदा १९५९ मध्ये आली आणि तेच नाव २००१ मध्ये ७९० सीसीच्या नवीन इंजिनावर परत आलं, कावासाकीच्या १९९९ च्या डब्ल्यू६५० ला सेल्फ असूनसुद्धा किक ठेवलेली. पुढे बॉनव्हिलला फ्युएल इंजेक्शन आलं तर त्याच्या थ्रॉटल बॉडीला (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाला) बाहेरून कार्बोरेटरसारखं, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागासारखं, रूप दिलं! एवढा विचार कोणीतरी केलाय हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. मला परवडली ती मात्र ३५० सीसी, सिंगल सिलेंडर, कार्बोरेटरवाली, २०१२ ची. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं ते कुठल्याही गाडीचं होऊ शकतं.

बघायला गेलो तेव्हा फोनवरच सांगून ठेवलेलं की गाडी आधी स्टार्ट करून ठेवू नका. गेल्या गेल्या सिलेंडरला हात लावून बघितला, थंड होता. हे करायलाच पाहिजे, गरम इंजिन कुठलंही पटकन सुरू होतं. चोक ओढून दुसऱ्या किकला लागली, धूर नाही, टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हजवळचा टकटक आवाज होता पण गरम झाल्यावर एकसारखा राहिला. रेस देऊन सोडल्यावर निळा धूर येतो का ते मुद्दाम बघितलं, नाही आला. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी एकेक आकडा जुळवला, कर्ज बाकी नाही याचा कागद बघितला. डबल स्टँडला लावून पुढचं चाक अधांतरी केलं आणि हँडल हळूहळू डावी-उजवीकडे फिरवलं, मध्यावर कुठे अडकत नव्हतं म्हणजे हँडलचं बेअरिंग, कोनसेट, ठीक. स्पोकवर पान्याने हलकं टकटक केलं, ताणलेली तार खणखणीत वाजते आणि ढिली तार बद्द, दोन बद्द वाजल्या.

मग टायर. टायरच्या बाजूला डॉट लिहिलेल्या ओळीत शेवटचे ४ आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे ३११२ होतं म्हणजे २०१२ चा ३१वा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर, नक्षी छान शिल्लक, याचा अर्थ मीटर फिरवलेला नाही, ९,००० खरेच आहेत. मी इतका खूश झालो की काही विचारू नका. त्याच आकड्याचा दुसरा अर्थ म्हणजे हे रबर ११ वर्षांचं आहे आणि ही गाडी त्यातली बरीच वर्षं नुसती उभी आहे, तो माझ्या डोक्यातच आला नाही.

तिसऱ्या दिवशी सिग्नलला गाडी बंद पडली. परत सुरू झाली पण चोक बंद केला की मरायची, चोकवर चालायची, स्लोला उभीच राहीना, आणि थोडी रेस दिली की मिसिंग, म्हणजे ठोके चुकायचे. मेकॅनिककडे कार्बोरेटर खोलला तर फ्लोटच्या वाटीत, जिथे पेट्रोल साठतं तिथे, पिवळसर चिकट थर आणि स्लोला पेट्रोल सोडणारं पायलट जेट पूर्ण बंद. पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की उडून जातं आणि मागे हा डिंकासारखा चिकटा राहतो, आणि पायलट जेटचं भोक इतकं बारीक असतं की सगळ्यात आधी तेच बुजतं. त्याने क्लीनर आणि हवा मारून साफ केलं, तार घालू दिली नाही कारण तारेने भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. मी निवांत झालो आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

यावेळी त्याने टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारला आणि मला म्हणाला, या, बघा. आतून वरचा भाग सगळा तांबूस. अर्धी रिकामी टाकी वर्षानुवर्षं ठेवली की रिकाम्या भागातल्या हवेतला ओलावा पत्र्यावर बसतो, त्यात पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते पाणी आणखी ओढून घेतं. तोच गंज खाली येऊन जेटमध्ये बसत होता. मी गाडी बघताना बाहेरच्या क्रोमवर बोट फिरवून फिरवून बघितलं होतं आणि टाकीचं झाकण एकदाही उघडलं नव्हतं. वापरलेली गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच पहिलं सांगतो, टॉर्च घेऊन जा.

टाकी मी घरी साफ केली, दोन दिवस गेले त्यात. टाकी काढली, पेट्रोल पूर्ण रिकामं करून पाण्याने धुतली, कॉक (पेट्रोलची तोटी) काढून ते भोक नीट बंद केलं, गरम पाण्यात सायट्रिक ॲसिड विरघळवून काठोकाठ भरली आणि रात्रभर ठेवली. रंगावर थेंब पडू नये म्हणून बाहेरून प्लास्टिक गुंडाळलेलं. सकाळी जे पाणी निघालं ते हिरवट काळं होतं आणि आत पांढरा पत्रा दिसत होता, तो दिसला तेव्हा जे वाटलं ते गाडी घेतल्याच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. मग सोड्याच्या पाण्याने उरलेल्या ॲसिडचा असर मारला, स्वच्छ धुतली, आणि हेअर ड्रायरने लगेच वाळवली, लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण उघडा ओला पत्रा तासाभरात परत तांबूस व्हायला लागतो. वाळल्यावर काठोकाठ पेट्रोल. कॉक आणि कार्बोरेटरच्या मधे एक छोटा फिल्टर बसवला.

त्यानंतर रबराच्या वस्तू एकामागून एक आल्या. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबराला चिरा, तिथून हवा ओढत होती. पुढच्या शॉकअपचे ऑईल सील कडक झालेले, पहिल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर दोन्हीकडून तेल. ब्रेक ऑईल काळपट, ते पाणी ओढतं म्हणून गाडी चालो न चालो दर दोन वर्षांनी बदलायचंच असतं. टायर मी नक्षी बघून सोडून दिले होते पण पावसात एका वळणावर मागचं चाक सरकलं, नंतर नीट बघितलं तर बाजूला बारीक भेगा. दोन्ही टायर ट्यूबसकट बदलले. बॅटरी उभ्या गाडीवर १२.१ व्होल्ट दाखवत होती, पूर्ण चार्ज असेल तर १२.६ च्या आसपास पाहिजे, तीही बदलली. यातलं एकही काम जास्त चालल्यामुळे निघालेलं नाही. ४०,००० चाललेली, वेळच्या वेळी सर्व्हिसिंगच्या पावत्या असलेली एक गाडी मी त्याच आठवड्यात मीटर बघून सोडली होती.

आता गाडी सुंदर चालते. चेन दर ५०० किलोमीटरला, फिरून आल्यावर गरम असतानाच वंगण करतो. इंजिन तेल घेताना डब्यावर जासो एमए (बाईकच्या ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) आहे का ते बघतो, क्लच तेलात बुडालेला असल्याने कारचं तेल चालत नाही, क्लच स्लिप होऊ शकतो. प्लग अधूनमधून काढून बघतो, बिस्किटासारखा रंग आला की बरं वाटतं. पावसातून आलो की स्पोकच्या मुळाशी फडकं फिरवायला पाच मिनिटं देतो.

पुढच्या महिन्यापासून मला दोन महिने बाहेर राहायचंय. टाकी फुल करून चावी भावाकडे देतोय. त्याला दोनदा सांगितलंय की दर आठवड्याला एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आण, नुसती जागेवर स्टार्ट करून पाच मिनिटांनी बंद करू नकोस, त्याने इंजिन धड गरम होत नाही आणि आत पाणी धरतं. जमणारच नसेल तर पहिल्याच दिवशी कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू ढिला कर आणि त्यातलं पेट्रोल सोडून दे. तो स्क्रू कुठे आहे त्याचा फोटो पाठवलाय.