पात्रकोश छापायला टाकण्याआधी

आवडत्या लेखकाच्या कादंबऱ्यांचा पात्रकोश, गावांचा नकाशा, बोलीतल्या शब्दांचे अर्थ, प्रश्नमंजूषा. सांगलीकडचा निष्ठावंत वाचक असलं काही करायला बसतो तेव्हा लेखकावरचा जीवच त्याला बसवतो. घोळही तिथूनच सुरू होतो. ‘आम्ही तर त्यांचंच नाव मोठं करतोय’ हा बचाव कायद्यात कुठेच बसत नाही.

पहिलं काम हिशेबाचं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक वारला त्याच्या पुढच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं मोजायची, तोवर हक्क चालू. आपल्या सांगलीचे देवल 1916 साली गेले, खाडिलकर 1948 साली. त्यांची नाटकं मोकळी आहेत. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे 1969 साली गेले, म्हणजे 2029 संपेपर्यंत हक्क चालू. खांडेकरांचे 2036 अखेर, गदिमांचे 2037 अखेर. लेखकाच्या मागे पहिल्यांदा छापलेलं काही असेल तर 60 वर्षं त्या प्रकाशनापासून धरायची. आणि मोकळ्या नाटकाची नवी आवृत्ती हाताशी असली, तरी तिची प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठ मोकळं नसतं.

हक्क चालू असला म्हणून कोश काढताच येत नाही, असंही नाही. हॅरी पॉटरच्या कोशाचा खटला यासाठी नीट वाचावा. लेखिका रोलिंगबाईंनी आधी हा कोश चालवणाऱ्या चाहत्याच्या संकेतस्थळाचं कौतुक केलं होतं. त्याचं छापील पुस्तक व्हायला निघालं तेव्हा मात्र त्या कोर्टात गेल्या. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी पुस्तक अडवलं आणि 6,750 डॉलर भरपाई लावली. पण संदर्भकोश काढणं हाच गुन्हा, असं ते म्हणाले नाहीत. मूळ वाक्यं गरजेपेक्षा जास्त उचलली होती, विशेषतः लेखिकेच्या दोन छोट्या पूरक पुस्तकांतून, हे नडलं. पुन्हा लिहून काढलेला कोश 2009 मध्ये बाजारात आलासुद्धा. आपल्याकडे मद्रास हायकोर्टाने 1964 मध्येच इंग्रज लेखक फॉर्स्टरच्या कादंबरीवरच्या विद्यार्थी-गाइडला उल्लंघन मानलं नव्हतं.

म्हणजे सगळं नोंद कशी लिहिता यावर आहे. समजा, कादंबरीत दगडू नावाचा मोटकरी आहे. ‘दगडू हा गरीब पण मानी मोटकरी. सावकार त्याची विहीर हडपतो. मग तो रात्री मोटेचा नाडा कापून गाव सोडतो...’ ही नोंद नव्हे, ही कादंबरीच पातळ करून वाढलीय. अशा दोनशे नोंदी झाल्या की मूळ पुस्तक घ्यायची गरज उरत नाही. आता हे बघा: ‘दगडू. प्रथम पृ. 14. पंचायतीच्या प्रसंगात दोनदाच बोलतो (पृ. 61, 63). वय पृ. 14 वर चाळीस, तीन वर्षांनी पृ. 112 वरही चाळीसच. नाडा: मोट ओढायचा जाड दोर, सोंडेला बांधतात तो बारीक दोर सोंदूर. कापलेला नाडा आहे, सोंदूर नव्हे, म्हणजे मोट विहिरीतच राहिली.’ यात मेहनत तुमची आहे आणि वाचक परत मूळ पानाकडे जातो.

तपासायला सोपा उपाय: कच्ची प्रत काढा आणि लेखकाचं प्रत्येक वाक्य गुलाबी हायलायटरने रंगवा, शब्द इकडचे तिकडे केलेलं वाक्यसुद्धा. पानं गुलाबी दिसायला लागली की थांबा. ‘दहा टक्के चालतात’, ‘तीनशे शब्द चालतात’ असा आकडा कायद्यात नाही. कलम 52 मधली सूट टीका, समीक्षा, खासगी वापर आणि संशोधनासाठी आहे, नुसत्या गोडव्यासाठी नाही. प्रश्नमंजूषेत तर जास्तच जपा: एका अमेरिकन मालिकेवरचं 643 प्रश्नांचं पुस्तक 1998 मध्ये तिथल्या अपील कोर्टात पडलं, कारण प्रत्येक प्रश्नाचा ऐवज मालिकेतूनच काढलेला होता.

‘साभार’ लिहिणं ही परवानगी नव्हे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, मिळाला म्हणून हक्क मिळत नाही. फुकट पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर सोडली तरी उल्लंघन ते उल्लंघनच. कमाईसाठी केलेलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, एवढंच. मुखपृष्ठावर लेखकाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत ‘वाचकांनी केलेला, अनधिकृत’ असं छापा. लेखकाचा फोटो नको, मूळ मुखपृष्ठाचं चित्र तर नकोच. त्याचा हक्क वेगळा असतो, चित्रकाराचा किंवा प्रकाशकाचा.

उतारे जास्त लागणारच असतील तर पत्रं दोन, एक प्रकाशकाला आणि एक लेखकाला किंवा वारसांना. हक्क लेखी करारानेच देता येतात आणि 1994 ची कायदादुरुस्ती लागू झाल्यानंतरच्या करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरतात, त्यामुळे जुन्या पुस्तकाचे हक्क कधीच घरी परतलेले असू शकतात. वारस तीन असतील तर तिघांच्या सह्या घ्या. थोरल्याने फोनवर ‘करा की’ म्हटलं, तेवढ्यावर छापायला टाकू नका. पत्रात पानं, प्रती, किंमत आणि उताऱ्यांची पानवार यादी द्या, सोबत तीन नमुना नोंदी जोडा आणि पोच ठेवा. उत्तर आलं नाही तर ते उतारे काढून कोश पुन्हा रंगवून बघा.